ऑपरेशनआधी ‘उपाशी’ म्हणजे नेमकं किती तास? जेवणाचं घड्याळ वेगळं, पाण्याचं वेगळं

वर्धा : “रात्री बारानंतर तोंडात काही टाकायचं नाही. पाण्याचा घोटही नाही.” ऑपरेशन होऊन घरी आलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, ही सूचना त्याला पाठ असते. सूचना सोपी आहे, लक्षात राहते, म्हणूनच इतकी वर्षं टिकली. पण तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या गेल्या आहेत. जेवण कधी बंद करायचं ही एक, आणि पाणी कधी बंद करायचं ही दुसरी.

भूल देणारे डॉक्टर जगभरात गेली पंचवीसेक वर्षं या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगत आले आहेत. ऑपरेशन आधीपासून ठरलेलं असेल आणि माणसाला दुसरा काही मोठा त्रास नसेल, तर साधं पाणी भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत चालतं. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं हे १९९९ मध्ये लिहून काढलं. आपल्याकडे इंडियन सोसायटी ऑफ ॲनेस्थेशियॉलॉजिस्ट्स या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही मोठ्या माणसांसाठी पाण्याची मर्यादा दोन तासच आहे. तरी वॉर्डात आणि गावात अजून बाराचाच नियम चालतो.

यात काय बिघडतं, ते हिशेब मांडला की दिसतं. समजा, आष्टी किंवा कारंजा तालुक्यातल्या एका गावची बाई पिशवीच्या ऑपरेशनसाठी भरती झाली. खेड्यात जेवण लवकर होतं. आठला भाकर खाल्ली, नऊला पाणी पिऊन झोपली. सकाळी आठलाच नंबर लागला तर अन्नाविना बारा तास, पाण्याविना अकरा. चालून जातं. पण यादीत तिचा नंबर पाचवा आहे. पहिलं ऑपरेशन लांबलं, मधेच सिझरची तातडीची केस आली, आणि दुपारचे तीन वाजले. आता अन्नाविना एकोणीस तास झाले आणि पाण्याविना अठरा. दिवस मे महिन्याचे, बाहेर पारा पंचेचाळीसकडे चाललेला, वॉर्डात पंखा गरम हवा फेकतो आहे. घसा कोरडा ठणठणीत, डोकं दुखतंय, चक्कर येतेय. सोबतच्या सासूनं पदराआडून पाण्याची बाटली पुढे केली तरी ती बाई घेत नाही, कारण “डॉक्टरनं नाही म्हटलं”.

तिनं बाटली घेतली नाही हे बरोबरच केलं. न विचारता घ्यायचीच नाही. पण सकाळी उठल्यावर कुणी तिला सांगितलं असतं की तुमचा नंबर दुपारी आहे, इतक्या वाजेपर्यंत पाणी प्या, तर हा त्रास टळला असता.

पोट रिकामं कशासाठी लागतं

जागेपणी आपल्या घशात एक राखणदार असतो. पाणी चुकून श्वासाच्या वाटेला गेलं की लगेच ठसका लागतो आणि ते बाहेर फेकलं जातं. पूर्ण भूल दिली की हा राखणदारही झोपतो. त्या वेळी पोटात अन्न असेल आणि ते वर आलं, तर ते सरळ श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरू शकतं. घट्ट अन्न असेल तर श्वासाची वाट बुजते. पोटातलं आंबट पाणी असेल तर ते फुप्फुस आतून पोळून काढतं, मग न्यूमोनियासारखी अवस्था होते आणि माणसाला श्वासाच्या मशीनवर ठेवायची वेळ येऊ शकते. नेमलेल्या ऑपरेशनमध्ये असं क्वचितच घडतं, आणि क्वचित घडतं त्याचं एक मोठं कारण म्हणजे पेशंट उपाशी असतो. त्यामुळे “थोडं खाल्लं तर काय होतं जी” हा विचार मनात आणू नये. जीव जाऊ शकतो.

कमरेतून इंजेक्शन देऊन फक्त खालचा भाग बधिर करायचा असेल तरी उपाशी राहायला सांगतात. लोकांना हे पटत नाही. “मी तर जागाच राहणार ना?” असं विचारतात. पण ते इंजेक्शन कधी अपुरं पडतं, कधी ऑपरेशन अपेक्षेपेक्षा मोठं निघतं, आणि मग ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागते. तेव्हा पोट रिकामं करायला वेळ नसतो. मोतीबिंदूसारखं डोळ्यात नुसते थेंब टाकून होणारं ऑपरेशन असेल तर अनेक ठिकाणी उपाशी ठेवतच नाहीत. तिथं जे सांगतील तसं करायचं.

पाणी पोटात थांबत नाही

भाकर, भात, पोळी पोटात गेली की ती दळली जाते, पातळ होते आणि मग थोडी थोडी पुढे आतड्यात सरकते. याला काही तास लागतात. तेल-तूप जास्त असेल तर आणखी जास्त. पाण्याचं तसं नाही. त्यात दळायला काही नसतं. रिकाम्या पोटी प्यायलेलं पाणी पंधरा-वीस मिनिटांत निम्मं पुढे जातं, आणि तासाभरात जवळजवळ सगळं.

शिवाय पोट कधीच पूर्ण कोरडं नसतं. आपण दिवसाला साधारण लिटरभर लाळ गिळतो आणि पोट स्वतःचं आम्ल तयार करत राहतं, काही खाल्लं नाही तरी. म्हणून पाणी बारा तास बंद ठेवल्यानं पोट दोन तासवाल्यापेक्षा जास्त रिकामं होत नाही. हे तपासून पाहिलेलं आहे. १९८६ मध्ये कॅनडात काही पेशंटना ऑपरेशनच्या दोन-तीन तास आधी १५० मिलिलिटर पाणी, म्हणजे साधारण एक कप, पाजलं आणि भूल दिल्यावर त्यांच्या पोटात किती पाणी आहे ते मोजलं. पाणी न प्यायलेल्यांपेक्षा ते जास्त भरलं नाही. त्यानंतर बऱ्याच देशांत असे प्रयोग झाले. २००३ मध्ये मोठ्या माणसांवरच्या अशा २२ चाचण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या. कमी वेळ पाणी बंद ठेवल्यानं धोका वाढतो असं त्यात कुठं दिसलं नाही.

अन्नावाचून राहणं आणि पाण्यावाचून राहणं यातला फरक वर्धा जिल्ह्याला वेगळा समजावून सांगायला नको. गांधीजींनी १९२४ मध्ये दिल्लीत आणि १९४३ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये एकवीस-एकवीस दिवसांचे उपोषण केले, पण पाणी चालू ठेवलं. १९४३ साली तर वय त्र्याहत्तर होतं, तरी ते त्यातून बाहेर आले. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी प्रायोपवेशन केलं तेव्हा अन्नासोबत पाणी आणि औषधही सोडलं. सत्त्याऐंशी वर्षांचं, आजारानं थकलेलं शरीर होतं. १५ नोव्हेंबरला त्यांनी देह ठेवला, प्रायोपवेशन सुरू होऊन आठवडाच झाला होता. त्यांचा तो निश्चयच होता. हर्नियाच्या ऑपरेशनला आलेल्या माणसाचा तसा काही निश्चय नसतो.

मग बाराचा नियम आला कुठून?

भूल देण्याची विद्या १८४६-४७ च्या सुमाराची. सुरुवातीला ईथर आणि क्लोरोफॉर्म हुंगवत. त्यानं उलट्या फार व्हायच्या, म्हणून पोट भरलेलं नको हे डॉक्टरांना लवकर कळलं. पण जंतुनाशक शस्त्रक्रियेचा पाया घालणारे इंग्रज सर्जन जोसेफ लिस्टर यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवलं होतं की पोटात घट्ट अन्न नको, मात्र दोनेक तास आधी एखादं पातळ पेय दिलेलं चांगलं. म्हणजे आज जे नवीन म्हणून सांगितलं जातं ते तसं जुनंच आहे.

मधे काय झालं तर १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेल्सन या डॉक्टरांनी एक अभ्यास छापला. १९३२ ते १९४५ या काळातल्या ४४,०१६ बाळंतपणांत ६६ बायकांच्या फुप्फुसात भूल असताना पोटातलं अन्न किंवा पाणी गेलं होतं. त्यातल्या दोघी दगावल्या, आणि दोघींच्याही श्वासाच्या वाटेत घट्ट अन्न अडकलं होतं. अभ्यास बाळंतिणींचा होता आणि दगावल्या त्या घट्ट अन्नानं. तरी हळूहळू सगळीकडे सगळ्यांसाठीच ‘मध्यरात्रीनंतर काहीही नाही’ अशी रीत पडली. दवाखान्याला ती सोयीचीही होती. एकच सूचना, सगळ्या वॉर्डाला लागू. उद्याच्या यादीत कुणाचा नंबर वर जाईल, कुणाचा खाली, हे आदल्या रात्री पक्कं नसतं. एखादा पेशंट आला नाही, कुणाचा बीपी वाढला, तर पुढच्याला आधी बोलावता यावं म्हणून सगळेच उपाशी ठेवलेले बरे असा हिशेब. डॉक्टरांची आणि सिस्टरची अडचण खरी आहे. पण तिची किंमत यादीत शेवटी असलेला पेशंट मोजतो, आणि बरेचदा तो लांबून आलेलाच असतो.

कशाला किती तास

पाण्यासाठी दोन तास. यात नुसतं पाणी आलं, साखरेचं पाणी आलं, ओआरएसचं पाणी आलं, गाळून घेतलेलं लिंबूपाणी आलं आणि कोरा चहा आला, ज्यात दुधाचा थेंब नाही तो. एक सोपी परीक्षा आहे. काचेच्या ग्लासात ते पेय ओता, मागे वर्तमानपत्र धरा. पेयातून अक्षरं वाचता आली तर ते ‘पाणी’. वाचता आली नाहीत तर ते अन्न. नारळपाणी मलईशिवाय बऱ्याच ठिकाणी चालवून घेतात, पण विचारून घ्या. दारू पारदर्शक दिसली तरी ती या हिशेबात नाही, तिचं नावही काढू नका.

आपल्याकडे घोळ होतो तो चहाचा. “खाल्लं काहीच नाही, फक्त चहा घेतला,” असं सांगणारे ओटीच्या दारात रोज भेटतात. दुधाचा चहा म्हणजे दूध, आणि दूध पोटात गेलं की आम्लानं फाटतं, त्याचा घट्ट चोथा होतो. म्हणून दूध, दुधाचा चहा, कॉफी, ताक, मठ्ठा, लस्सी या सगळ्यांना जेवणासारखे सहा तास लागतात. उसाचा रस, गरासकट संत्र्याचा रस, तांदळाची पेज, वरणाचं पाणी हेही पाण्यात मोजायचं नाही. संत्र्याच्या पट्ट्यातल्या लोकांनी हे जरा जास्त ध्यानात ठेवावं. पेशंटला भेटायला येणारा माणूस तिकडून रिकाम्या हातानं येत नाही.

हलक्या जेवणाला सहा तास. हलकं म्हणजे मऊ वरण-भात, साधी पोळी किंवा भाकर आणि कमी तेलाची भाजी, चहा-बिस्किट. तळलेलं, तुपकट, मटण-कोंबडी, भजी-आलूबोंडा, तर्रीवाले पोहे यांना आठ तास किंवा त्याहून जास्त. आदल्या रात्री “उद्यापासून पथ्य, आज खाऊन घे” म्हणून सावजी जेवण घालायची हौस बऱ्याच पाहुण्यांना असते. ती ऑपरेशननंतर महिनाभरानं भागवावी.

बाळाला आईचं दूध चार तास आधीपर्यंत चालतं, कारण ते गाईच्या दुधापेक्षा लवकर पचतं. वरचं दूध किंवा डब्याची पावडर असेल तर सहा तास.

आणि खर्रा? वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण पुष्कळांच्या लेखी खर्रा खाण्यात मोडतच नाही. “उपाशी आहे, फक्त खर्रा चालू आहे.” खर्रा चघळताना सुपारीचे तुकडे आणि तंबाखूचा रस पोटात जातो, लाळ सुटते, कुणाला मळमळतं. भूल देताना तोंडात सुपारीचा एक तुकडा राहिला तरी तो श्वासाच्या वाटेत जाऊ शकतो. तंबाखूनं नाडी आणि बीपी वर-खाली होतो तो वेगळाच. गुटखा, नस, मिसरी, विडी सगळं त्यातच धरायचं. आदल्या रात्रीपासून पूर्ण बंद, आणि त्याआधी काही दिवस सोडता आलं तर उत्तमच.

उपास आणि उपाशी

शब्दांतच एक खड्डा आहे. डॉक्टर म्हणतात “उपाशीपोटी या”, आणि घरातल्या आजीच्या कानाला ते “उपास करून या” असं ऐकू येतं. मग ती उपासाला चालतं ते सगळं खाते. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याचे लाडू, केळं, दूध. एकादशीला हे चालत असेल. भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या लेखी ते भरपेट जेवण आहे, त्यातही शेंगदाणे आणि तूप म्हणजे आठ तासांचं. उलटंही होतं. एखादी बाई हरतालिकेचा निर्जळी उपास करून दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला येते, आणि वर परत बाराचा नियम. दीड दिवस पाणी नाही. ऑपरेशनची तारीख उपासाच्या आगेमागे येत असेल तर डॉक्टरांना सांगायला लाजू नये, आणि त्या वेळी उपास मोडला तर देव रागावत नाही.

जास्त वेळ कोरडं ठेवण्याचा फटका कुणाला

धडधाकट तरुण माणूस अठरा तास पाण्याविना काढतो, चिडचिड करतो, डोकं धरून बसतो, एवढंच. तरी त्यालाही भूल दिल्यावर बीपी एकदम उतरण्याची भीती जास्त, आणि ऑपरेशननंतर मळमळही होऊ शकते. शरीर सुकलं की शिराही सापडत नाहीत. सलाईनची सुई दोन-तीनदा टोचावी लागते ती बरेचदा यामुळे.

लहान मुलांचं तसं नाही. त्यांच्या अंगात साठा कमी असतो. जास्त तास उपाशी राहिलं तर रक्तातली साखर उतरते, अंग सुकतं, मूल आधी रडून गोंधळ घालतं आणि मग मलूल होतं. आई-बाप घाबरतात आणि कुणीतरी गुपचूप बिस्किट हातात देतं. खरा धोका इथं तयार होतो. मुलाला भूक लागली म्हणून बिस्किट द्यायचं नसतं, आणि बिस्किट द्यायची वेळ येऊ नये म्हणून पाणी वेळेवर द्यायचं असतं. युरोपातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं तर २०२२ मध्ये मुलांसाठी साध्या पाण्याची मर्यादा एक तासावर आणली. आपल्याकडे डॉक्टर दोन तास सांगतील तर दोन तास पाळा. पण सात वाजेपर्यंत चालणारं साखरपाणी सात वाजेपर्यंत द्या, आदल्या रात्री नऊला थांबवू नका. मुलाचं ऑपरेशन यादीत पहिलं घ्या अशी विनंती करता येते, आणि बहुतेक ठिकाणी मुलांना आधी घेतातच.

म्हातारी माणसं तहान लागली तरी सांगत नाहीत, आणि वयानुसार तहान जाणवतेही कमी. कोरडं राहिलं की ऑपरेशननंतर ती बडबडतात, माणसं ओळखत नाहीत, सलाईन ओढून टाकतात. घरचे म्हणतात बाहेरचं काहीतरी लागलं. पुष्कळदा पाणी कमी पडलेलं असतं.

विदर्भात आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे सिकलसेल. या आजारात शरीरातलं पाणी कमी झालं की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं, सांधे, छाती, पोट यांत असह्य दुखणं सुरू होतं. फुप्फुसात असं झालं तर जिवावर बेततं. अशा पेशंटला तासन्‌तास कोरडं ठेवणं म्हणजे ऑपरेशनच्या आधीच संकट ओढवून घेणं. पाणी बंद करावंच लागलं तर तेवढ्या वेळासाठी सलाईन लावतात, अंग गरम ठेवतात. पण हे करायला डॉक्टरांना माहीत तर पाहिजे. घरात सिकलसेल तपासणीचं कार्ड पडलेलं असेल तर ते केसपेपरसोबत घेऊन जा, ऑपरेशन दाताचं असो की हाडाचं. लग्न जमवताना लपवण्याची सवय लागलेली ही गोष्ट दवाखान्यात लपवू नये. कार्डावर एसएस असेल तर तो आजार, एएस असेल तर माणूस फक्त वाहक. दोन्ही सांगायचं, फरक डॉक्टर बघतील.

शुगरवाल्यांचा पेच वेगळा. उपाशीपोटी साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेतलं तर साखर धोक्याच्या खाली जाते, घेतलं नाही तर वर. म्हणून त्यांनी स्वतःच्या मनानं काही ठरवू नये.

दोन तासांचा नियम कुणाला नाही

हे वाचून कुणी वॉर्डात सिस्टरशी भांडू नये. काही जणांच्या बाबतीत पोट हळू रिकामं होतं, आणि त्यांना डॉक्टर जास्त तास सांगतात ते बरोबरच असतं. कळा सुरू झालेली बाई, आतडं अडकलेला पेशंट, फार जाड माणूस, छातीत सतत जळजळ आणि आंबट पाणी येणारा माणूस, जुना शुगरचा पेशंट हे सगळे त्यात येतात. साखरेसाठी किंवा वजन कमी करायला आठवड्यातून एकदा घेण्याची नवी इंजेक्शनं निघाली आहेत, तीही पोट हळू करतात. घेत असाल तर सांगा.

अपघातात तर वेगळीच गोष्ट होते. मार लागला, हाड मोडलं, की दुखण्यानं आणि धक्क्यानं पोटाचं काम जवळजवळ थांबतं. दुपारी जेवून निघालेला आणि तीनला गाडीवरून पडलेला माणूस रात्री दहालाही भरल्या पोटाचा असू शकतो. म्हणून अशा पेशंटला रस्त्यात “घे, पाणी पी, बरं वाटेल” म्हणून पाजू नका, आणि तो शेवटचं कधी जेवला होता ते आठवून सांगा. आणीबाणीत डॉक्टर पोट रिकामं होण्याची वाट पाहत बसत नाहीत. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन पुण्याच्या ससून रुग्णालयात झालं, तेही थांबवण्यासारखं नव्हतंच. आज अशा वेळी भूल देण्याची वेगळी पद्धत आहे. औषध देऊन लगेच श्वासनलिकेत नळी टाकतात आणि तिचा फुगा फुगवून पोटातलं काही आत जाणार नाही अशी वाट बंद करतात. पोट भरलेलं आहे हे आधी कळलं, तरच ही तयारी होते.

काय विचारायचं, काय सांगायचं

आदल्या दिवशी भूल देणारे डॉक्टर तपासायला येतात. घाईत असतात, पण दोन प्रश्नांना वेळ लागत नाही. “डॉक्टरसाहेब, माझं शेवटचं जेवण किती वाजता, आणि शेवटचं पाणी किती वाजता?” दोन वेळा वेगवेगळ्या विचारायच्या आणि कागदावर लिहून घ्यायच्या. मोबाईलमध्ये गजर लावता येतो. सकाळी नंबर कितवा आहे ते विचारायचं. दुपारचा नंबर असेल तर पहाटे हलकं काही खाता येईल का, हेही विचारण्यासारखं आहे, कारण सहा तासांचा हिशेब त्यात बसतो. आणि यादी पुढे सरकली, तर सिस्टरला जाऊन सांगायचं, “नंबर लांबला म्हणतात, पेशंट काल नऊपासून कोरडा आहे, भूलवाल्या डॉक्टरांना विचारून पाणी देता येईल का?” उत्तर ‘नाही’ आलं तर ‘नाही’. मग सलाईन लावता येईल का ते विचारा. दवाखान्यानं सांगितलेली वेळ या लेखातल्या वेळेपेक्षा वेगळी असेल तर दवाखान्याचीच पाळायची, कारण पेशंट त्यांनी पाहिलेला आहे.

रोजच्या गोळ्यांचा घोळ नेहमीचा. “तोंडात काही नको” म्हणून बीपीची गोळी चुकते, सकाळी बीपी वाढलेला निघतो आणि ऑपरेशन पुढे ढकललं जातं. गाडीभाडं गेलं, सोबत्याची रोजी गेली. बीपी, थायरॉइड, फिटच्या बऱ्याच गोळ्या घोटभर पाण्यासोबत घ्यायला सांगतात. रक्त पातळ करणारी गोळी आणि साखरेच्या काही गोळ्या मात्र काही दिवस आधीच थांबवाव्या लागतात. सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या आणि एकेक दाखवून विचारा.

चुकून काही खाल्लंच गेलं तर? तेव्हा काय खाल्लं आणि किती वाजता, हे सरळ सांगायचं. फार तर ऑपरेशन दोन-चार तास किंवा दुसऱ्या दिवसावर जाईल. दोन शब्द ऐकून घ्यावे लागतील. पण तारीख जाईल या भीतीनं “नाही जी, काहीच नाही खाल्लं” असं सांगितलं, तर डॉक्टर त्या शब्दावर भूल देणार आहेत. लहान मुलाच्या बाबतीत आईला माहीत नसताना मामानं चॉकलेट दिलेलं असतं. म्हणून सकाळी सोबतच्या प्रत्येकाला विचारा, भावंडांनाही.

ऑपरेशन झाल्यावर

इथंही पाणी उगाच अडवलं जातं. पूर्वी पोटातला गॅस सुटल्याशिवाय घोटभर पाणी देत नसत, आणि घरच्या मोठ्यांच्या डोक्यात तेच बसलेलं आहे. आता कमरेतून भूल देऊन झालेल्या सिझरनंतर बाईला काही तासांतच पाणी-चहा द्यायला बरेच डॉक्टर सांगतात. अंगावर दूध पाजायचं असतं, तिला पाण्याची गरज जास्त. आतड्यावर टाके असतील तर गोष्ट वेगळी, तिथं डॉक्टर सांगतील तेव्हाच. पण सिस्टरनं “आता पाणी द्या” म्हटल्यावरही सासू किंवा मावशी “राहू द्या, टाके फुगतील” म्हणून ग्लास बाजूला ठेवते. पाण्यानं टाके फुगत नाहीत. पेशंट पूर्ण शुद्धीवर असला की डोक्याकडची बाजू उंच करून आधी दोन-तीन चमचे, मळमळ नसली तर पंधरा मिनिटांनी अर्धा कप, आणि मग हळूहळू चहा-बिस्किट, वरण-भात. उलटी झाली तर मान एका कुशीला वळवायची आणि सिस्टरला हाक मारायची.